गाडी ठरली, चित्र राहिलं: युरोपचं बुकिंग करताना या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक हातात पडलेलं असतं, मे महिन्यात युरोपला जायचं घरात ठरलेलं असतं, आणि नात्यातलं नाहीतर सोसायटीतलं कुणीतरी विचारतं, "काय काय आधी बुक करायचं गं?" मी विचारते, "आत्तापर्यंत काय केलंय?" उत्तर ठरलेलं. विमान झालं. हॉटेलं झाली. एअरपोर्टवर नावाची पाटी धरून उभा राहणारा ड्रायव्हर झाला. परदेशात चालणारं सिमकार्ड झालं. पॅरिसमध्ये वरणभात कुठे मिळतो तेही शोधून झालं. "आणि आयफेल टॉवर?" "ते काय, तिथे गेल्यावर बघू."

या "तिथे गेल्यावर बघू"ने माझं डोकं उठतं. आपण तत्काळच्या जिवावर वाढलेली माणसं. दहाच्या ठोक्याला बोटं चालवली की काहीतरी मिळतं, नाहीच मिळालं तर टीसीला गाठू, ओळख काढू, अशी आपली तयारी. ती युरोपात चालत नाही. तिथे ज्या जागांना मर्यादा आहे ती खरोखरची मर्यादा आहे. आणि ज्यांना मर्यादा नाही, त्या गोष्टी आपण घाबरून सहा महिने आधी बुक करून ठेवतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

सर्वात मोठी चूक, जी मीच केली

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही चौघं इटलीला गेलो होतो. मी, माझा नवरा, मोठे भाऊजी आणि जाऊबाई. भाऊजी चित्रकलेचे शिक्षक. छत्तीस वर्षं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची मुलं घडवून निवृत्त झालेले. सहल ठरली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: मिलानला जायचं आणि लिओनार्दोचं लास्ट सपर, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाचं भित्तिचित्र, बघायचं. रोम, व्हेनिस तुम्ही ठरवा, म्हणाले.

बुकिंगचं खातं माझ्याकडे. व्हेनिसच्या विमानतळावरून हॉटेलपर्यंतची बोट मी चार महिने आधी बुक केली होती. मिलानच्या विमानतळावरून गाडी बुक केली होती, व्हाउचरचा प्रिंटही काढला होता. फ्लॉरेन्समध्ये एका खानावळीत टेबल धरून ठेवलं होतं. पण ते चित्र चर्चमध्ये आहे असं वाचलेलं, आणि चर्चला कसलं आलंय तिकीट? असलंच तर दारात काढू.

सांता मारिया देल्ले ग्राझिए हे लाल विटांचं चर्च आहे. चित्र त्या चर्चमध्ये नाहीच. ते शेजारच्या मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर आहे. जेवणाचा देखावा जेवणघरात, हे आता किती साधं वाटतं! डाव्या हाताला तिकीटघर आहे. खिडकीतल्या मुलीने आमच्याकडे पाहिलं, पुढचे काही आठवडे सगळं भरलंय असं सांगितलं, आणि आमच्या मागच्या माणसाकडे बघायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता की दिलगिरीही. दिवसातून शंभर वेळा तेच सांगत असणार.

हे तिकीट इतकं दुर्मिळ का, ते मला भाऊजींनी तिथेच, समोरच्या बाकावर बसून सांगितलं. लिओनार्दोला घाईने काम करायला आवडत नसे. ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तर गिलावा सुकायच्या आत उरकावं लागतं. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंग लावला. रंग भिंतीत मुरला नाही, नुसता वर बसला, आणि त्याच्या हयातीतच त्याचे पापुद्रे सुटायला लागले. १६५२ मध्ये मठातल्या लोकांनी जेवणघराचं दार मोठं करताना चित्राच्या खालचा भाग फोडला आणि ख्रिस्ताची पावलं गेली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बॉम्ब पडला, जेवणघराचं छप्पर आणि एक भिंत कोसळली, पण वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत उभी राहिली. मग वीसेक वर्षांची दुरुस्ती चालली ती १९९९ मध्ये संपली. आता माणसाच्या श्वासातली वाफ आणि कपड्यांवरची धूळसुद्धा त्याला सोसत नाही. त्यामुळे मोजकी माणसं आत घेतात, दोन दारांच्या मधल्या खोलीत थांबवतात, मग पुढचं दार उघडतं, आणि पंधरा मिनिटांनी बाहेर. पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच. अशा ठिकाणी जागा "करून" देता येत नाही. तिथे ओळख चालत नाही, पैसा चालत नाही, रडणंही चालत नाही. (जाऊबाईंनी प्रयत्न केला होता.)

भाऊजी चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडे कागद मागितला. माझ्याकडे त्या एअरपोर्टच्या गाडीचं व्हाउचर होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लांब टेबल काढलं, मागच्या तीन खिडक्या काढल्या, छताच्या पट्ट्या काढल्या, आणि सगळ्या रेषा ओढत ओढत एका ठिपक्यापाशी आणल्या. "ख्रिस्ताचं उजवं कानशील," ते म्हणाले. "भिंतीत तिथे खिळ्याचं भोक सापडलंय. दोरी बांधून रेषा धरल्या असणार त्याने. एकबिंदू यथार्थदर्शन मी पोरांना यावरच शिकवायचो." कागद मला परत दिला. अजून माझ्या प्रवासाच्या फायलीत आहे तो. एका बाजूला ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर, दुसऱ्या बाजूला लास्ट सपर.

तर, आधी लगीन कोंढाण्याचं. हल्ली कुणाचीही सहल ठरवताना मी विमानाची वेबसाइट उघडायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: कोणती एक गोष्ट बघायची राहिली तर परत आल्यावर वर्षभर हळहळाल? प्रत्येकाची एक. "सगळंच" हे उत्तर मी स्वीकारत नाही. चार माणसांच्या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर येतात. मग त्या जागेची अधिकृत साइट काढायची आणि तीन गोष्टी टिपायच्या: बंद कधी असतं, तिकीट किती दिवस आधी खुलं होतं, आणि ते दारात मिळतं का. शहरांचा क्रम आणि विमानाच्या तारखा त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात. स्वस्त विमान दिसलं म्हणून मंगळवारचा एकच दिवस पॅरिसला ठेवतात, आणि मंगळवारी तिथलं लूव्र संग्रहालय बंद असतं. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. फ्लॉरेन्सचं उफिझी कलादालन सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. शिवाय आपला महाराष्ट्र दिन त्यांचा कामगार दिन असतो. १ मेला लूव्रच्या दारात उभे राहिलेले दोन मराठी परिवार मला माहीत आहेत.

तिकिटं खुली होण्याचे मुहूर्त सगळीकडे वेगळे. लास्ट सपरची साधारण तीन-तीन महिन्यांची एकदम खुली होतात. आयफेलच्या लिफ्टची ६० दिवस आधी, रोमच्या कलोसियमची ३० दिवस आधी. नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक यांचं ॲमस्टरडॅमचं घर सहा आठवडे आधी, तेही फक्त मंगळवारी. बार्सिलोनाचं सग्रादा फामिलिया चर्च आणि ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय ऑनलाइनच घ्यायचं, वेळेसकट. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात आणि बुकिंगशिवाय प्रवेश नाही. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यात तर तिकिटावर पासपोर्टचा नंबर लागतो, आणि आतल्या नासरी महालांची वेळ हुकली की ते गेलेच, बाकीच्या बागा बघत बसा. हे सगळं वहीत लिहायचं आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये गजर लावायचा.

गजर लावला तरी होणारी चूक

गजर लावा म्हटलं, पण तोही चुकतो. ही चूकही माझीच, आणि मला तिची जास्त लाज वाटते, कारण तेव्हा मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागले होते.

भाचीला ॲन फ्रँक यांचं घर बघायचं होतं. नववीत असताना तिने ती डायरी वाचली होती. तिकिटं मंगळवारी सकाळी दहाला खुली होतात, तिथले दहा. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, म्हणजे आपले दुपारचे अडीच. मार्चच्या शेवटच्या मंगळवारी मी रंगीत तालीम म्हणून अडीचला साइट उघडून बघितली. आभासी रांग लागली, नंबर सरकत गेला, सगळं समजून घेतलं. पुढच्या मंगळवारी आम्हाला हव्या असलेल्या आठवड्याची तिकिटं येणार होती. सव्वादोनला चहा करून घेतला, लॅपटॉप उघडला, पासपोर्ट शेजारी ठेवले, आणि बघते तो सगळा आठवडा संपलेला.

मधल्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास पुढे गेली होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात आपला फरक साडेतीनच तासांचा. तिथले दहा म्हणजे आपले दीड. मी चहा टाकला तेव्हा तिकिटं संपून गेली होती.

मग आठ-दहा दिवस मी येता-जाता ती साइट उघडत होते. कुणी रद्द केलेलं एक, फक्त एक, तिकीट सापडलं. भाची एकटी आत गेली. आम्ही तिघं बाहेर कालव्याच्या काठावर बसलो. ती बाहेर आली तेव्हा बराच वेळ काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा रविवार नीट बघून ठेवावा. तो बहुतेकदा सहलीच्या अगदी तोंडावर येतो आणि त्या दिवशी घड्याळ मागे करायचं विसरलात तर ट्रेनसाठी तासभर आधीच स्टेशनवर जाऊन बसाल.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे कार्ड. रांगेतून नंबर आला, वेळ निवडली, नावं भरली, पैसे द्यायला गेलात आणि व्यवहार नाकारला. २०२० पासून आपल्याकडची नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच येतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावं लागतं, मर्यादा वाढवावी लागते. हे काम आदल्या रात्री करायचं. तिकीट कार्टमध्ये मिनिटांच्या हिशेबाने धरून ठेवलेलं असतं आणि आपण ॲपचा पासवर्ड आठवत बसतो. मी मोठ्या खरेदीआधी त्याच कार्डावर कुठल्यातरी युरोपीय साइटवरून दोन-चार युरोचं बसचं तिकीट काढून बघते. लोक हसतात. हसू देत.

नावं

यावर मी वेगळं बोलते कारण हा खास आपला घोळ आहे. कलोसियमचं तिकीट ऑक्टोबर २०२३ पासून नावानिशी असतं, दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. आता आपल्या घरातल्या बायकांची नावं बघा. लग्नाआधीचं एक, लग्नानंतरचं एक, आधारवर एक, पासपोर्टवर एक. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याने मोठ्या प्रेमाने तिकिटावर तिचं सासरचं नाव घातलं. पासपोर्टवर माहेरचं. दारातल्या माणसाने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, मान हलवली. बरीच हुज्जत घालून, नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या पत्नीच्या रकान्यात बोट ठेवून शेवटी सोडलं. माणूस बरा भेटला म्हणून. सगळेच तसे भेटत नाहीत.

बुकिंग करताना आठवणीतून नाव लिहू नका. पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि त्यातलं अक्षर न अक्षर उतरवा. पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून आलं असेल तर तेही तसंच.

मुलांचं तिकीट

"मुलांना फुकट आहे ना, मग कशाला बुक करायचं?" लूव्र आणि कलोसियम दोन्हीकडे १८ वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत हे खरं. पण जागा लागतेच ना? शून्य युरोचं तिकीट वेळेसकट काढायचं असतं. आईबाप अकराच्या तिकिटावर आत आणि बारा वर्षांचा मुलगा दाराबाहेर, असं चित्र डोळ्यांसमोर आणा म्हणजे विसरणार नाही.

उलट बाजूची चूक कॉलेजातली मुलं करतात. १८ ते २५ वयाला सवलत दिसली की टिचकी मारून मोकळे. इटलीत ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, लूव्रमध्ये युरोपीय संघात राहणाऱ्यांना आहे. जर्मनीत शिकणाऱ्या पुतण्याला लूव्र फुकट पडेल, पुण्याहून आलेल्या त्याच्या बहिणीला नाही. उलट जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरून येणाऱ्या प्रौढांना लूव्रचं तिकीट ३२ युरोचं झालंय, इतरांपेक्षा महाग. चरफडायचं असेल तर चरफडा, पण तिकीट खरं काढा.

"रांग टाळा" म्हणणारी तिकिटं

सर्चमध्ये पहिली येणारी साइट बहुतेक वेळा जाहिरात असते. मी तिच्यावर टिचकी मारतच नाही. त्या शहराच्या पर्यटन विभागाच्या पानावरून आत शिरते, तिथे खऱ्या साइटचा दुवा असतो. दलालाची तिकिटं दीडपट-दुप्पट किमतीची, आणि "रांग टाळा" म्हणजे टळते ती तिकिटाची रांग. सुरक्षा तपासणीची रांग राजालाही चुकत नाही. कलोसियमची साधी तिकिटं घाऊक उचलली गेल्याच्या प्रकरणात इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०२५ मध्ये तिकीट विकणारी संस्था आणि काही पर्यटन कंपन्या मिळून सुमारे २ कोटी युरोचा दंड ठोठावला. म्हणजे "अधिकृत साइटवर संपलंय आणि दलालाकडे आहे" ही तुमची शंका अगदीच खोटी नव्हती.

अगदीच गरज पडली तर गाइडसकट असलेली फेरी घ्या, निदान दोन शब्द कानावर पडतात. नुसतं तिकीट दुप्पट भावाने घेणं मला पटत नाही.

आणि पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला तिकीट नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हापासून हवी तर वेळ आधी राखता येते, तीही फुकट. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये जायलाही पैसे नाहीत. घुमटावर चढायचे मात्र आहेत.

व्हिसा आधी की तिकीट आधी

अंडं आधी की कोंबडी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तरी लोक मेच्या सहलीसाठी एप्रिलच्या सुरुवातीला अपॉइंटमेंट शोधत बसतात. माझी पद्धत: हॉटेलं सगळी फुकट रद्द होणारी घ्यायची, थोडी महाग पडली तरी. तीच व्हिसाच्या कागदांत लावायची. ३० हजार युरोचं संरक्षण असलेला विमा लागतोच. अर्ज जास्त रात्री ज्या देशात आहेत त्या देशाकडे. सारख्याच असतील तर जिथे आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. न परतणारं विमान आणि न परतणारी रेल्वे व्हिसा हातात आल्यावर.

मग संग्रहालयाची तिकिटं व्हिसा यायच्या आधी खुली झाली तर? घ्या. व्हिसा न येण्याचा जुगार संग्रहालयाच्या तिकिटावर खेळावा, विमानाच्या पैशांवर नाही.

रेल्वे

थोडक्यात सांगते. फ्रान्सची तेजेवे, इटलीची फ्रेच्चारोस्सा, पॅरिस-ॲमस्टरडॅमची युरोस्टार या गाड्यांचे दर विमानासारखे चढतात, त्या आधी घ्या. इटलीच्या साध्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं आज आणि त्या दिवशी सारखंच, त्या महिनाभर आधी बुक करून काही मिळत नाही. अनेक देशांतल्या रेल्वेंसाठी मिळणारा युरेल पास म्हणजे लोकलचा पास नव्हे. तेजेवेत आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यालाही सीटचं आरक्षण पैसे भरून करावं लागतं आणि त्याचा कोटा असतो. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत पास दाखवा आणि चढा, पण ग्लेशियर एक्सप्रेसला आरक्षण हवंच.

पॅरिसच्या म्युझियम पासचंही, म्हणजे बऱ्याच संग्रहालयांना मिळून चालणाऱ्या एका पासचंही, तेच. पास असला तरी लूव्र, व्हर्साय, सेंट-शापेल या ठिकाणी वेळ वेगळी राखावी लागते. आणि आयफेल त्या पासात नाहीच.

अति बुकिंग

हे वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जाणार, मला माहीत आहे. माझ्या एका पुतण्याने एक्सेलचा तक्ता बनवला होता, रंग भरून. सकाळी नऊ व्हॅटिकन, साडेबारा कलोसियम, साडेतीन बोर्गेझे, सात वाजता जेवण. रोमच्या उन्हात, सत्तरीच्या आईला घेऊन. व्हॅटिकनची संग्रहालयं बघताना माणूस सिस्टिन चॅपलपर्यंत पोचेस्तोवर पाय मोडतात. तिथून कलोसियम हाकेच्या अंतरावर नाही. दुपारी चार वाजता त्याचा फोन आला, आई हॉटेलवर झोपली आहे, तिघांची बोर्गेझेची तिकिटं वाया गेली, आता काय करू? म्हटलं, तूही झोप.

माझा नियम दिवसाला एकच बांधलेली वेळ, शक्यतो सकाळची. दुपार मोकळी. मोकळ्या दुपारी सापडलेल्या गल्ल्याच मला आठवतात, तक्त्यातल्या नाही. हे माझं मत आहे, तुम्हाला तक्ता हवा तर करा, पण मग संध्याकाळी मला फोन करू नका.

उतरल्या दिवशी तर काहीच बांधू नका. विमान सकाळी साडेसातला उतरतं म्हणून अकराचं लूव्र घेतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याची नोंद तिथे काउंटरवर होते. रांग किती लागेल हे देव जाणे.

आणि आयफेलवरून "दिवे लागलेले" बघायला संध्याकाळी सातची वेळ घेणाऱ्यांनो, मेअखेरीला पॅरिसमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो. सात वाजता तिथे आपल्या चारसारखं ऊन असतं.

हे बुक करू नका

एअरपोर्टची गाडी. (होय, मीच सांगतेय.) पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून शहरात टॅक्सीचे दर सरकारने ठरवून दिलेत, नदीच्या उजव्या तीराला ५६ युरो, डाव्या तीराला ६५. रांगेत उभं राहायचं आणि अधिकृत टॅक्सीत बसायचं. आत हात धरून "टॅक्सी, टॅक्सी" करणाऱ्याबरोबर जायचं नाही, हे दादर स्टेशनवर वाढलेल्यांना सांगायला नको. रात्री उशिरा उतरत असाल आणि बरोबर म्हातारी माणसं असतील तर मात्र गाडी खुशाल ठरवा.

उघड्या छताची बस, नदीतली साधी फेरी, दुपारचं जेवण, प्रागच्या किल्ल्यात प्रवेश: सगळं तिथे गेल्यावर. इथे "तिथे गेल्यावर बघू" चालतं.

तिकिटांचे प्रिंट काढा. फोनची बॅटरी दारातच संपते.

हॉटेल सोडायच्या दिवशी म्युझियम ठेवलंत तर चाकांच्या बॅगा घेऊन दारात जाऊ नका. लूव्रमध्ये ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, आणि आपली बॅग त्यात बसत नाही, चिवड्याचे डबे संपलेले असले तरी. हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारा, बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात. त्याला बुकिंग लागत नाही.